होळीला कोणता सिनेमा लावायचा

१ फेब्रुवारी, रविवार

त्रिमिती चष्म्याविरुद्ध माझी तक्रार इथे नोंदवून ठेवतो. मनुष्याच्या नाकाची रचना एकाच चष्म्यासाठी झालेली आहे. त्यावर दुसरा चढवला की तो घसरतो. मग संस्कृतात एम.ए. झालेला, पन्नाशी ओलांडलेला वार्ताहर अडीच तास एका हाताने नाक धरून बसतो. शेजारच्याला वाटतं, कसला तरी वास येतोय. तो दोन खुर्च्या पलीकडे सरकतो. वास्तविक वास त्या चष्म्यालाच होता – डेटॉलचा.

महावीरने दिवाळीत आपल्या थिएटरात नवं यंत्र बसवलं. सगळे त्याला थ्रीडी म्हणतात, मी त्रिमिती म्हणतो, त्यामुळे मला फुकट बोलावतात. काल 'वज्रद्वीप'चा दुसरा भाग पुन्हा दाखवला. तिसरा येतोय, तर लोकांना आधीची गोष्ट आठवावी म्हणून. असुराने भाला फेकला आणि सगळं थिएटर खाली वाकलं. मी ताठ. भाला पडद्यावर होता तिथेच होता. गावाने मिळून वाकायचं ठरवलंय, एवढंच त्यात तथ्य.

बाहेर आल्यावर महावीरला तसं सांगितलं. "काका, तुम्ही चष्मा उलटा घातला असेल." पाहिला. सुलटा होता.

४ फेब्रुवारी

संपादकांचा फोन. २७ तारखेच्या शुक्रवारी दोन मायावी सिनेमे एकदम येतायत – 'वज्रद्वीप'चा तिसरा भाग आणि 'कालशंख'चा दुसरा. तर कोण बाजी मारणार यावर सातशे शब्द हवेत. "आणि आपल्या जिल्ह्याचा अँगल टाका."

मी म्हटलं, मी लिहू नये. माझी मुलगी 'कालशंख'मध्ये काम करते.

"काय सांगता! नटी आहे?"

"नाही. पाणी."

मग समजावून सांगितलं. मयूरी हैदराबादला एका स्टुडिओत आहे, संगणकावर सिनेमातल्या खोट्या गोष्टी खऱ्या करतात तिथे. 'कालशंख'मध्ये एक बुडालेलं नगर शंख फुंकल्यावर पाण्यातून वर येतं. ते पाणी उतरवायचं काम तिच्या तुकडीकडे. दोन वर्षं झाली, पोरगी पाणी उतरवते आहे. एवढ्या वेळात उकाई धरणसुद्धा रिकामं झालं असतं असं मी तिला म्हणत असतो.

संपादक म्हणाले, "मग तर लिहाच. तुम्ही निष्पक्ष लिहाल." त्यांना दुसरा कोणी मिळत नसणार.

५ फेब्रुवारी

मयूरीशी बोललो. सिनेमा चालला तर तिसऱ्या भागाचं काम त्यांच्याच स्टुडिओला. पडला तर तुकडी एप्रिलमध्ये घरी. "मग मी नंदुरबारला येऊन सहा महिने तुमच्या डोक्यावर बसेन, बाबा." हसत होती. आवाज दमलेला होता. मी म्हटलं, डोकं रिकामंच आहे, बस.

८ फेब्रुवारी, रविवार

तुलना मांडून पाहिली.

'वज्रद्वीप' – नायक दुसऱ्या भागाच्या शेवटी कड्याला लोंबकळत राहिला, त्याला तीन वर्षं झाली. एवढा वेळ लोंबकळणारा माणूस वर येतो की नाही हे पाहायला लोक येणारच. हाणामारी भरपूर. खलनायकाचा आवाज चांगला. मुंबईचे जाणकार म्हणतात, पहिल्या तीन दिवसांत हाच पुढे.

'कालशंख' – हाणामारी कमी. पहिला भाग हळूहळू चालला, तोंडी बातमीवर. नायिकेचे वडील राजे, ते बुडालेल्या नगरात राहिले आणि ती काठावर. ट्रेलरमध्ये राजा जो मंत्र म्हणतो, त्याच्या संस्कृताचा मी अर्थ लावून पाहिला. राजा हत्तीला ओला हो म्हणून आज्ञा देतो आहे. पण मागे ढोल इतके जोरात आहेत की हत्तीलाही ऐकू जाणार नाही, तेव्हा बिघडलं काहीच नाही.

निष्कर्ष: वज्रद्वीप.

लिहिताना ओळी एकमेकींवर चढत होत्या. बल्ब बदलायला हवा.

११ फेब्रुवारी

जसोदाबाई स्वयंपाकाला येते, पण नजर माझ्यावर ठेवायचं काम तिने आपणहून घेतलं आहे. सौ. गेल्यापासून जास्तच.

"भाऊ, चहा कपमा वता ना. बशीमा काय वती ऱ्हायनात?"

खरंच बशीत ओतला होता. म्हटलं, बशीतूनच प्यायचा होता.

"आते प्याल. पन काल पोथीवर वतना व्हतात, ती बी प्यायनात का?"

मी म्हटलं, पोथी कोरडी असते, तिला अधूनमधून द्यावा लागतो. तिला हसू आलं नाही. "एकदाव डोया दखाडा कोनले तरी." डावा डोळा जरा आळशी झालाय खरा. होळीनंतर दाखवू.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज महावीरने दुकानात बोलावून घेतलं. त्यांचं कापडाचं दुकान पुढे, त्याच्यामागे थिएटर. आजोबा माणकचंदजी अजून सकाळ-संध्याकाळ गादीवर बसतात.

पेच असा. दोन्हीकडचे वितरक अडून बसलेत – आमचाच लावा, चारही खेळ, दोन आठवडे. पडदा एकच. आणि आपल्याकडे वर्षाचा सिनेमा होळीला ठरतो, दिवाळीला नाही. दिवाळी झाली की डोंगरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. परततात ती होळीला, हातात पैसे घेऊन. महावीर म्हणाला, "काका, ही होळी गेली तर पप्पा थिएटरचं गोदाम करणार. साड्यांचे गठ्ठे ठेवतील. तुम्ही सांगा, कोणता लावू?"

मी म्हटलं, वज्रद्वीप. पहिल्या तीन दिवसांचं गणित सांगितलं. कड्याला लोंबकळणाऱ्या नायकाचं सांगितलं. ठामपणे बोललो.

"पण मयूरीताईचा तर दुसरा आहे ना?"

"म्हणूनच सांगतो."

तो आजोबांकडे वळून म्हणाला, "देखो दादाजी. खुद की बेटी का पिक्चर है, फिर भी मना कर रहे हैं." माणकचंदजींनी चष्मा कपाळावर चढवला, मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "तो वही लगा. ये आदमी झूठ नहीं बोलता."

चहा आला. त्यांच्याकडे कप मोठे असतात, बरं पडतं.

१६ फेब्रुवारी

लेख छापून आला. मथळा त्यांचा: 'मुलीचा सिनेमा मागे, बापाचा कौल वज्रद्वीपला!' उद्गारचिन्हही त्यांचंच. बसस्टँडवर दोघांनी पाठ थोपटली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

होळीच्या तयारीची बातमी करायला डोंगरातल्या मोलगी गावच्या बाजारात गेलो. जीपमधून उतरताना जमीन वाटली त्याहून खाली निघाली. गुडघा खरचटला. जीपची पायरी सरकारने उंच केली असावी.

जीप दिवाल्याची. ओळखीचा आहे, मागे रस्त्याच्या बातम्यांत त्याचा फोटो छापला होता. तो स्वतः आज टपावर बसला होता, चालवायला भाऊ. विचारलं तर म्हणाला, होळीची मानता आहे, म्हणजे नवस. पाळणी धरली आहे – खाटेवर झोपायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही, होळी होईपर्यंत. होळीत नाचताना कमरेला बांधायचे भोपळे वाळवून ठेवलेत, मोरपिसांचा टोप आला आहे.

"मग जीपची सीट?"

"सीट खुर्चीच ना, दादा. टप चालतो."

बातमीला जिल्ह्याचा अँगल हवा म्हणून त्यालाही विचारलं, होळीला सिनेमा कोणता बघणार. म्हणाला, "होळीआधी नाही. खुर्चीवर बसावं लागतं. नंतर बघू. आमचे सगळे नंतरच येतील."

"कोणता?"

"तो पाण्यातून गाव वर येतं तो. पुतण्याने मोबाईलवर दाखवला."

"दुसऱ्यात लढाई आहे मोठी."

"लढाई रोज आहे." मग म्हणाला, "आमचं जुनं गाव नर्मदेच्या पाण्यात गेलं ना. मी लहान होतो. माझा बाप बोटीतून जाताना बोट दाखवतो, इथे घर, इथे महुड्याचं झाड. मला नुसतं पाणी दिसतं. त्याला मी सगळं दिसतं असं सांगतो."

बाजारात आणखी विचारलं. तेच उत्तर. पाण्यातून वर येणारं गाव.

महावीरचं वितरकाशी उद्या पक्कं होणार आहे. त्याला फोन करायला हवा.

२० फेब्रुवारी

फोन करायचा राहिला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मयूरीने इंटरनेटवर थिएटरांची यादी पाहिली. "बाबा, आपल्याकडे माझा लागतच नाहीये?"

"व्यवहार असतो त्यांचा."

"महावीरदादाशी मी बोलू?"

"नको. ठरलंय त्याचं."

तिकडून तिच्या संगणकाच्या कळपाटीचा आवाज येत होता. मग म्हणाली, "तुमचा लेख वाचला मी. ऑफिसात एकीला वाचूनही दाखवला. ती म्हणाली, तुझे बाबा भारी आहेत." मी तिकडचा उकाडा विचारला.

"शहाद्याला लागलाय. तिथे बघाल ना?"

"बघेन."

"थ्रीडीतच बघा हं. साधा बघितला तर नुसतं पाणी आहे."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

वज्रद्वीप पहिल्याच खेळापासून हाउसफुल्ल. नायक वर आला. महावीरने पेढे पाठवले. जसोदाबाईला त्यातले निम्मे दिले. तिने मी कोणत्या डोळ्याने पाहतो आहे ते पाहिलं.

२ मार्च

होळी. नारळ वाहिला. धुराने डोळ्यांत पाणी, दोन्ही.

५ मार्च, गुरुवार

कामानिमित्त तळोद्याला होतो. डोंगरातून जीपा उतरत होत्या. कुणाच्या कानामागे अजून राख, कुणाच्या टोपाची पिसं टपावरून बाहेर. पाळण्या सुटल्या. फाट्यावर उभा राहून मोजायचं ठरवलं होतं – नंदुरबारकडे किती, शहाद्याकडे किती. मोजायची गरज पडली नाही, सगळ्या शहाद्याकडे.

एका टपावरून कोणीतरी हात केला. दिवाल्या असावा. आवाज त्याचा होता.

७ मार्च, शनिवार

महावीरकडे गेलो. तिसऱ्या खेळाला पुढच्या चार रांगा भरलेल्या, मागे पंखे फिरतायत. गावातल्यांनी तीन दिवसांत पाहून टाकला, डोंगरातले आले नाहीत. शहाद्याला म्हणे लोक खाली सतरंजी टाकून बसतायत.

मला वाटलं, चिडेल. चिडला नाही. खुर्ची दिली. "काका, तुमचा हिशोब चुकला. माणसाचा चुकतो. नियत नाही चुकली तुमची." पुढच्या शुक्रवारी दोन आठवडे संपतात, मग कालशंखच लावणार आहे. उरलीसुरली माणसं तरी येतील. गोदामाचं विचारलं तर म्हणाला, पप्पांनी दार मोजून ठेवलंय, गठ्ठे आत जातात का पाहायला. "चला, आलेच आहात तर मयूरीताईच्या सिनेमाचा मजकूर सांगा, रिक्षावर ओरडायला."

सांगितला. 'बुडालेलं गाव वर येताना पाहा.' अहिराणीतही करून दिला – 'बुडेल गाव वर येवाले दखा.' त्याने तो दोनदा म्हणून पाहिला आणि म्हणाला, "हे आधी का नाही सुचलं आपल्याला?"

८ मार्च, रविवार

शहाद्याला जाऊन आलो. एकटा.

थिएटर भरलेलं. दोन रांगा पुढे दिवाल्या, शेजारी त्याचा बाप – धोतर, फेटा, आणि त्या फेट्याखाली त्रिमिती चष्मा. म्हाताऱ्याने चष्मा दोन्ही हातांनी धरला होता, घसरू नये म्हणून. माझ्यासारखाच. बरं वाटलं.

सिनेमा लांब आहे. राजा हत्तीला ओला हो म्हणतो तेव्हा कोणी हसलं नाही, मीही नाही. मग शंख वाजला. पाणी उतरायला लागलं.

माणसं हात पुढे करायला लागली. एका बाईने नाकाला पदर लावला, पाणी अंगावर यावं तसा. म्हाताऱ्याने बोट उचललं. पडद्यावर कुठलं तरी दगडी नगर, खांब, हत्ती, मोलगीशी संबंध नाही काही. पण तो बोट दाखवत होता – इथे, इथे. दिवाल्या बोटाकडे बघत होता, पडद्याकडे नाही.

मला समोर एक निळा कागद दिसला. त्यावर पाणी काढलेलं. ते खाली सरकत होतं. कॅलेंडरवर असतं तसं, सपाट.

मयूरीने दोन वर्षं केलं ते सगळ्यांना दिसत होतं. चष्मा काढला, पुसला, लावला. मग उजवा डोळा मिटून पाहिलं. थिएटर गेलं. आवाज तेवढा चालू राहिला.

शेवटी कामगारांची नावं वर सरकली. हजारभर असतील. तिचंही गेलं असेल.

१० मार्च

धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू म्हणाले. आत दाब वाढतो, दुखत नाही, कडेकडेने नजर खात येतो. डावा जवळजवळ गेला, तो परत येत नाही. आणि हो – दोन डोळे बरोबर काम करत नसतील तर त्रिमिती दिसत नाही. गावाने काही ठरवलेलं नव्हतं.

"कधीपासून कमी दिसतंय?"

"परवाच लक्षात आलं," असं मी सांगितलं.

रोज थेंब घालायचे, वेळ चुकवायची नाही. घालायला घरात कोणी आहे का, हेही विचारलं त्यांनी. माझे हात स्थिर आहेत असं सांगितलं. संध्याकाळी पहिला थेंब गालावर, दुसरा कानाजवळ. तिसरा जसोदाबाईने घातला आणि बाटली आपल्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली.

१३ मार्च, शुक्रवार

महावीरकडे कालशंख लागला. रिक्षा गल्लीतून गेली, माझाच मजकूर ओरडत.

१४ मार्च

मयूरीचा फोन. तिसऱ्या भागाचं काम त्यांनाच मिळालं. आणखी दोन वर्षं. खूप बोलली. म्हणाली, "बाबा, तुमचा अंदाज सपशेल चुकला." मी म्हटलं, चुकला. तिने विचारलं, पाणी कसं वाटलं. मी म्हटलं, खोल.

निष्पक्षपणाचं काय ते इथे लिहून टाकतो, कारण बाहेर सगळे मला तसं म्हणायला लागलेत. डावा डोळा गेलाय हे मला डिसेंबरपासून माहीत होतं. मयूरीचा सिनेमा पडावा असं मला वाटत होतं. महावीरला सांगितलं ते त्यासाठी, आणि मोलगीहून आल्यावर फोन केला नाही तोही त्यासाठी. पडला असता तर ती एप्रिलमध्ये आपणहून आली असती, आणि मला तिला ये म्हणावं लागलं नसतं. एका गावच्या पडद्याने सिनेमा पडत नाही, एवढं मला कळतं. तरी केलं.

उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, राहील बहुतेक. मला त्या बहुतेकची भीती वाटते. तिला अजून सांगितलेलं नाही.